लिंक मिळाली, पण माहिती निघाली कुठून?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी विद्यार्थिनी एम.ए. इतिहासाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिच्या लघुप्रबंधाचा विषय आहे १८९७ चा पुण्यातील प्लेग आणि सरकारी उपाययोजना. महाविद्यालय तालुक्याच्या गावी, ग्रंथालयात या विषयावरची दोन-तीनच पुस्तके, त्यामुळे सगळी भिस्त इंटरनेटवर. चाळीसेक लिंक जमवून झाल्या आहेत. मार्गदर्शक म्हणतात विकिपीडिया चालणार नाही. मैत्रीण म्हणते चॅटजीपीटीकडून संदर्भसूची करून घे. यातले भरवशाचे कोणते, ते ओळखायचे कसे आणि संदर्भ द्यायचा कसा?

महाविद्यालयीन ग्रंथपाल म्हणून माझी बरीच वर्षे अशाच प्रश्नांत गेली आहेत, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

त्या चाळीस लिंक आधी बाजूला ठेवा. माझा अंदाज, त्यांत स्वतंत्र माहिती देणाऱ्या चार-पाचच निघतील. बाकीच्या एकमेकींच्या नकला. तपासून पाहा. एखादे जरा वेगळे वाटणारे वाक्य उचला, त्यातले सात-आठ शब्द अवतरणचिन्हांत घालून गुगलवर शोधा. तेच वाक्य दहा ठिकाणी सापडले तर ते दहा पुरावे होत नाहीत. तो एकच पुरावा आहे, आणि तोही बहुधा बिननावाचा.

दुसरी चाळणी तारखेची. २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या समारंभाहून परतताना गणेशखिंड रस्त्यावर पुण्याच्या प्लेग समितीचा प्रमुख रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड मात्र ३ जुलैला मेला. आता तुमच्या लिंक एकेक उघडा आणि फक्त हा तपशील बघा. 'दोघेही त्याच रात्री ठार झाले' असे जिथे असेल, त्या लेखकाने कोणतेही समकालीन कागद पाहिलेले नाहीत, हे धरून चालायला हरकत नाही. त्याचे बाकीचे सगळे चूक असेल असे नाही, पण त्याच्या शब्दावर काही लिहू नका. प्रत्येक विषयात असे एक-दोन तपशील असतात. ते स्वतः पक्के करून घेतले की बाकीच्यांची परीक्षा घेता येते.

आता शोध. बहुतेक मुले आजचे शब्द घालून शोधतात आणि आजचेच लेख मिळवतात. १८९७ चे कागद हवे असतील तर १८९७ ची भाषा टाकावी लागेल. इंग्रजीत पुण्याचे जुने स्पेलिंग, म्हणजे 'पूना'. गोळ्या झाडणाऱ्या चापेकर बंधूंच्या आडनावाचे निदान तीन-चार स्पेलिंग. मराठीत 'ग्रंथिक सन्निपात', 'गाठीचा ताप', 'महामारी'. शिवाय १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या मजकुरात अनुस्वारांची रेलचेल असते, तेव्हा 'पुणें', 'प्लेगचें' असेही शोधून पाहा.

जागा कोणत्या? गुगलच्या आधी या पाहा. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वैद्यकीय इतिहासाचे सरकारी अहवाल स्कॅन करून फुकट ठेवले आहेत. त्यांत प्लेगवरचे बरेच आहेत. लंडनच्या वेलकम कलेक्शनमध्ये मुंबईच्या प्लेगची छायाचित्रे आहेत. प्राध्यापक फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली १८९८ मध्ये इंडियन प्लेग कमिशन नेमले गेले. त्याचा अहवाल आणि विशेषतः त्याला जोडलेल्या साक्षी शोधा. साक्षींत डॉक्टर, अधिकारी, नगरपालिकेची माणसे स्वतःच्या तोंडाने बोलतात, आणि मुले नेमके तेच खंड उघडत नाहीत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ आहे. तिथे फाइलींची सूची शोधता येते आणि काही फाइली घरबसल्या वाचताही येतात.

वृत्तपत्रांसाठी एक जागा सांगतो, ती सहसा कोणाला सुचत नाही : ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे 'ट्रोव्ह'. लंडनहून निघालेल्या तारा तिथल्या वर्तमानपत्रांत छापून येत, आणि त्यातला शब्दन् शब्द शोधता येतो, तोही विनामूल्य. ब्रिटिश वृत्तपत्रांच्या संग्रहाला पैसे मोजावे लागतात. ट्रोव्हवर जुलै १८९७ टाका आणि रँड-आयर्स्ट प्रकरण जगापुढे कसे गेले ते पाहा. अर्थात ती तिसऱ्या हाताची बातमी आहे. पुण्यात काय घडले याचा तो पुरावा नाही. बाहेर काय कळले, याचा आहे.

इंटरनेट अर्काइव्हवर जुनी मराठी पुस्तके ढिगाने आहेत. त्यांतली बरीचशी बंद पडलेल्या 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'कडून आलेली. त्यांची नावे रोमन लिपीत आणि कशीही लिहिलेली आहेत. काहींत लेखकाचे नाव नाही, काहींत वर्ष भलतेच. देवनागरीत शोधून 'सापडत नाही' म्हणून परत फिरू नका. रोमनमध्ये दोन-तीन प्रकारे लिहून बघा, आणि वर्ष व लेखक हे नेहमी स्कॅनमधल्या मुखपृष्ठावरून घ्या, संकेतस्थळावरच्या चौकटीतून कधीच नाही.

शोधगंगा या भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या संकेतस्थळावर प्रबंध प्रकरणवार, वेगवेगळ्या पीडीएफमध्ये असतात. मराठी प्रबंधांची अडचण अशी की त्यांतले अनेक युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टंकलेले किंवा नुसते स्कॅन केलेले आहेत. आत शब्द शोधायला गेलात तर काहीच हाती लागत नाही. म्हणून शीर्षक, विभाग आणि विद्यापीठ यांवरून शोधा. आधी शेवटची फाइल उघडा, संदर्भसूचीची. कोणीतरी चार-पाच वर्षे घालून केलेली यादी तुम्हाला आयती मिळते. प्रबंधातली विधाने मात्र तितकीच जपून घ्या. सगळे प्रबंध सारख्या कसाचे नसतात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

जाता जाता गॅझेटियरबद्दल, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथाबद्दल. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुणे जिल्ह्याचा मूळ खंड १८८५ चा आहे. त्यात १८९७ चा प्लेग असणे शक्य नाही. प्लेगवरच्या मजकुराखाली 'पूना गॅझेटियर' एवढाच संदर्भ दिसला की समजावे, लिहिणाऱ्याने एक तर नंतरची आवृत्ती पाहिली आहे आणि तसे सांगितलेले नाही, किंवा काहीच पाहिलेले नाही. मराठी विश्वकोशालाही हेच लागू. पहिला खंड १९७६ चा. नोंद आज पडद्यावर दिसते म्हणून ती आजची होत नाही. तिच्यातले आकडे त्या त्या खंडाच्या काळातले. मात्र विश्वकोशाच्या नोंदीखाली लेखकाचे नाव असते, आणि ही मोठीच सोय आहे.

आणि विकिपीडिया? मार्गदर्शकांचे बरोबर आहे, पण अर्धेच. संदर्भ म्हणून देऊ नका, पण वाचा जरूर. लेखाच्या तळच्या टिपा पाहा, 'इतिहास' आणि 'चर्चा' ही पाने उघडा. वाद नेमका कुठे आहे ते तिथे दिसते. मग त्या टिपांतले मूळ पुस्तक शोधा आणि ते वाचून त्याचा संदर्भ द्या. टीप तशीच उचलून आपल्या सूचीत लावणे ही लबाडी आहे, आणि तोंडी परीक्षेत ती हमखास उघडी पडते. परीक्षक एवढेच विचारतो : 'हे पुस्तक केवढे आहे हो?'

पारखण्याबद्दल लोक निकषांच्या याद्या देतात : लेखक कोण, तारीख कोणती, संस्था कोणती. त्या चूक नाहीत, पण याद्यांनी काम भागत नाही. तुमच्याच विषयातले एक प्रकरण घेऊ.

१८९७ च्या उन्हाळ्यात गोपाळ कृष्ण गोखले हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात होते. पुण्याहून त्यांना पत्रे येत होती. प्लेगच्या घरझडतीत गोऱ्या सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचे त्यांत लिहिले होते. लिहिणारी माणसे ओळखीची, भरवशाची. गोखल्यांनी ते आरोप 'मँचेस्टर गार्डियन'मधून जाहीर केले. खळबळ उडाली, सरकारने इन्कार केला. जुलैच्या शेवटी गोखले मुंबईला उतरले तोवर इकडे सगळेच बदलले होते. रँडचा खून झाला होता, टिळकांना अटक झाली होती, पुण्यातल्या सरदार नातू बंधूंना खटल्याशिवाय स्थानबद्ध केले होते. पत्रे लिहिणाऱ्यांपैकी कोणी नावानिशी पुढे येईना. ऑगस्टमध्ये गोखल्यांनी जाहीर आणि बिनशर्त माफी मागितली.

आता तुमच्या लिंक पाहा. काही पाने गोखल्यांचा आरोप देतील आणि माफी गाळतील; म्हणजे अत्याचार सिद्धच झाले. काही माफी देतील आणि ती कोणत्या परिस्थितीत मागावी लागली ते गाळतील. म्हणजे सगळे खोटेच होते. दोन्ही पानांतले प्रत्येक वाक्य कदाचित खरे असेल. तारखा बरोबर, नावे बरोबर, लेखक प्राध्यापक, संस्था नामांकित. यादीतल्या सगळ्या खुणांवर बरोबरची खूण, आणि तरी दोन्हींवरून काढलेला निष्कर्ष लंगडा.

अशा ठिकाणी माझा एकच प्रश्न असतो : हे सांगणाऱ्याला हे कसे कळले? गोखल्यांना पत्रांतून कळले. म्हणजे त्यांचे विधान हा घटनेचा प्रत्यक्ष पुरावा नाही, पुण्यात लोक काय बोलत होते याचा आहे. माफी हा आरोप खोटे असल्याचा पुरावा नाही, तो त्या घडीला पुरावा उभा करता आला नाही याचा आहे. सरकारी अहवाल सैनिकांच्या शिस्तीची तारीफ करतो, तो त्याच मोहिमेच्या अधिकाऱ्यांनी लिहिला आहे. पण किती घरे तपासली, किती माणसे विलगीकरणात नेली यासाठी त्याच्याइतके जवळचे दुसरे काही नाही. केसरीतले लेखन लोकांचा संताप दाखवते. टिळकांवरच्या राजद्रोहाच्या खटल्याचा निकाल वेगळेच काही दाखवतो : त्या संतापाकडे न्यायालय कोणत्या नजरेने पाहत होते. एकाच स्रोताला 'विश्वासार्ह' किंवा 'अविश्वासार्ह' असा शिक्का मारण्यात अर्थ नाही. कशासाठी विश्वासार्ह, हे विचारा.

अनोळखी संकेतस्थळ असेल तर त्याच पानावर रेंगाळून त्याची पारख होत नाही. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्र्यू यांनी इतिहासाचे प्राध्यापक, विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांना तीच संकेतस्थळे दाखवून निरीक्षण केले. तपासनीस पान अर्धवट सोडून लगेच नव्या टॅबमध्ये त्या संस्थेबद्दल इतर काय म्हणतात ते पाहत. प्राध्यापक मात्र पान वरपासून खालपर्यंत मन लावून वाचत, आणि देखण्या मांडणीला फसत. इतिहासवाल्यांनी हे मनाला लावून घ्यावे.

नियतकालिकांबद्दल थोडक्यात. आय.एस.एस.एन. हा आठ आकडी ओळख क्रमांक आहे, दर्जाचे प्रमाणपत्र नाही. मुखपृष्ठावर तो ठळक छापून मिरवणारी नियतकालिके आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. 'चार दिवसांत प्रसिद्धी', विचित्र नावाच्या संस्थेने दिलेला 'इम्पॅक्ट फॅक्टर', एकाच अंकात मृदाशास्त्र आणि संतसाहित्य, ही लक्षणे दिसली की पुढे जा. यूजीसी-केअर ही विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे 'केअर लिस्टेड' या शब्दांवर आता विसंबता येत नाही. ती चालू होती तेव्हाही खऱ्या नियतकालिकांच्या नावाने बनावट संकेतस्थळे काढून पैसे उकळणारे होतेच. चांगले लेख वाचायला मात्र दिवस बरे आले आहेत. जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही शिक्षणसंस्थांना संशोधन नियतकालिके वाचायला देणारी सरकारी योजना सुरू झाली आहे; तुमचे महाविद्यालय त्यात येते का ते ग्रंथपालांना विचारा. येत नसेल तर जेस्टोर या संशोधनलेखांच्या संग्रहावर वैयक्तिक खाते उघडा. पडद्यावर काही लेख फुकट वाचता येतात. 'अनपेवॉल' हा ब्राउझरला जोडायचा पर्याय लेखाची कायदेशीर मोफत प्रत असेल तर दाखवतो.

चॅटजीपीटी. 'करू नका' एवढे म्हणून सोडले असते, पण तुम्ही कराल, म्हणून कारण सांगतो. ही साधने शोभेल असा मजकूर तयार करतात. विद्वानाचे नाव खरे, नियतकालिक खरे, शीर्षक अगदी त्यांच्याच वळणाचे, आणि तसा लेख मुळात लिहिलाच गेलेला नाही, असे सर्रास होते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयात एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी असे न झालेले खटले दाखले म्हणून दिले. न्यायाधीशांनी ५,००० डॉलरचा दंड केला. वकिलांना दंड भरून सुटता आले. तुमची पदवी अडकेल. जुनी स्पेलिंगे सुचवायला, इंग्रजी उतारा समजून घ्यायला वापरा. त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ खोटाच आहे असे धरून तपासा : डी.ओ.आय., म्हणजे लेखाचा कायमचा डिजिटल ओळख क्रमांक, असेल तर तो डी.ओ.आय.च्या संकेतस्थळावर टाकून तोच लेख उघडतो का. नसेल तर नियतकालिकाच्या त्या खंडाची अनुक्रमणिका काढून ती पाने त्याच लेखाची आहेत का.

आता संदर्भ देणे. एम.एल.ए. शैली की ए.पी.ए. शैली, हे तुमचे विद्यापीठ सांगेल. स्वल्पविराम कुठे, यावर फार रात्री जागवू नका. शैली कोणतीही असो, जे हातात धरले त्याचाच संदर्भ द्यायचा. दामोदर चापेकरांचा जबाब तुम्ही एखाद्या आधुनिक लेखकाच्या पुस्तकात वाचला असेल तर 'अमुक पुस्तकात उद्धृत' असे लिहा. त्यात कमीपणा काही नाही. मूळ जबाब वाचल्याचा आव आणलात तर त्या लेखकाची वाचनातली चूक तुमच्या नावावर चढते.

स्कॅन केलेल्या पुस्तकाचा छापील पृष्ठांक द्या. पडद्याच्या खाली दिसणारा आकडा वेगळा असतो, कारण त्यात मुखपृष्ठ, प्रस्तावना, कोरी पाने सगळे मोजलेले असते. वर्ष मूळ आवृत्तीचे, स्कॅन चढवल्याचे नाही. निकालाला दुवा नसला तरी चालतो, त्याची स्वतःची ओळख असते : क्वीन-एम्प्रेस वि. बाळ गंगाधर टिळक, (१८९७) आय.एल.आर. २२ बॉम्बे ११२. एवढ्यावर कोणताही वकील तो काढून देईल. अहवालाला खंड आणि परिच्छेद क्रमांक द्या. वेगवेगळ्या आवृत्त्यांत पाने बदलतात, परिच्छेद सहसा बदलत नाहीत.

वेबपानाचे मात्र काही खरे नसते. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. म्हणून पान वापरायचे ठरले की त्याच क्षणी वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर जतन करा आणि तो कायमचा दुवा, पाहिल्याच्या तारखेसह, नोंदवून ठेवा. काही शैलींत ही तारीख आता सक्तीची राहिलेली नाही. आपल्या वहीत तरी असू द्या. झोटेरो हे संदर्भांची नोंद ठेवणारे मोफत सॉफ्टवेअर देवनागरी नीट सांभाळते, पण त्याने आपोआप भरलेली माहिती एकदा डोळ्यांखालून घाला; मराठी पुस्तकांत ते बऱ्याचदा प्रकाशकाला लेखक करून टाकते.

इंग्रजी परिच्छेदाचा मराठी अनुवाद करून विनासंदर्भ घालणे ही चोरीच. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यामुळे मुले टक्के मोजत बसतात. अनुवाद सॉफ्टवेअरला कळणार नाही कदाचित. मराठी वाक्याखालचे इंग्रजी परीक्षकाला ऐकू येते.

शेवटी, सगळे ऑनलाइन नाही. प्लेगच्या सरकारी फाइलींचा मोठा भाग मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात आहे, जनरल डिपार्टमेंटच्या दप्तरांत. पुण्यात केसरी-मराठा ग्रंथालय आणि भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. दिवाळीच्या सुटीआधी चार दिवस काढा. मार्गदर्शकांचे पत्र महाविद्यालयाच्या लेटरहेडवर घ्या, ओळखपत्र आणि त्याच्या दोन झेरॉक्स ठेवा, लिहायला पेन्सिल न्या. बऱ्याच अभिलेखागारांत शाईचे पेन चालत नाही. वाचलेल्या पुस्तकांच्या तळटिपांतून खंड आणि वर्ष यांची यादी आधीच करून न्या, कारण खिडकीवर 'प्लेगचे काय आहे ते दाखवा' म्हटले तर समोरचा माणूस तुमच्याकडे नुसता बघत राहील.